न दिलेली शिवी

…तर मास्तरांच्या कोंबड्याचं सांगणं काल अर्धंच राहिलं. कोंबडा गेला हे मास्तरांना कळलं सकाळी, आणि खेहोवीला त्यांच्याही आधी. जाग आली तेव्हा त्याच्या टाचा ठणकत होत्या, कोपरं सोलवटल्यासारखी झोंबत होती आणि तोंडाला ओल्या पिसांची चव होती. तो उठला, आपल्या खुराड्यातला सगळ्यात धष्टपुष्ट कोंबडा काखेत मारला आणि मास्तरांच्या दारात जाऊन उभा राहिला. मास्तर अजून दात घासत होते.

"हे काय रे?"

"तुमचा गेला. हा घ्या."

मास्तर तोंडात फेस तसाच ठेवून मागच्या अंगणात गेले, खुराडं पाहिलं, परत आले. "अरे, मला नुकसान कळायच्या आत तू भरपाई घेऊन हजर. चोर इतके तत्पर असते तर पोलिसांनी काय केलं असतं?"

या गोष्टीवर गाव कितीतरी वर्षं हसलं. आमच्या ईशान्येकडच्या डोंगरांतल्या सुमी लोकांच्या गावांत एखाद्या माणसाचं असं असतं. माणूस चुलीजवळ घोरत पडलेला असतो आणि त्याचा जीव रानात बिबट्याच्या अंगात हिंडत असतो. जीव एक, अंगं दोन. हे शिकून येत नाही, आणि मागून तर कुणी घेतच नाही. खेहोवीला ते मामाकडून आलं. लहानपणी मामानं आपल्या पानातला, कोंबडीबरोबर शिजलेला आल्याचा तुकडा त्याला भरवला, त्यातून आलं. मामाला पुढं कुणी विचारलं तर तो म्हणे, "पोर भुकेलं दिसलं, दिला तुकडा. आता भुकेल्याला खायला घालताना कोण विचार करतो?"

आणि बिबट्या कुणाच्या वाट्याला यावा? खेहोवीच्या. पाठीवरच्या टोपल्या विणणारा माणूस. दिवसभर ओसरीत बसून बांबूच्या कामट्या काढायच्या, संध्याकाळी भाताबरोबर आखुनीची, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची, चटणी खायची आणि झोपायचं. त्याचा आवाज चढलेला कुणी ऐकला नव्हता. त्याची बायको होती तोवर म्हणायची, याच्याशी भांडणं म्हणजे पिंजलेल्या कापसावर काठी मारणं. आवाज नाही, धूळही नाही. गाव त्याला गरीब गाय म्हणे, आणि गायीच्या पोटात काय आहे हे ठाऊक असूनही म्हणे. बिबट्यानं कुणाचं काही नेलं की खेहोवी न मागता भरून देई. कुत्र्याला कुत्रा, वासराला वासरू. त्याची गरिबी त्या बिबट्यानं खाल्ल्यामुळेच होती, पण त्याबद्दलही त्याची तक्रार नव्हती.

मास्तरांच्या कोंबड्यावर सगळे हसले, त्यात घोनिली तेवढी नव्हती.

घोनिली म्हणजे खेहोवीच्या चुलतभावाची बायको. नवरा जाऊन बराच काळ लोटलेला. घरात ती, तिची लेक लोझेली आणि एक काळं डुक्कर. जीभ अशी, की आमच्याकडची मिरची तिच्या दारी तिखटपणा उसना मागायला जाते म्हणत. एकदा पाणवठ्यावर बायाबाप्ये जमलेले असताना तिनं घडा खाली ठेवला आणि म्हणाली, "भावजी, एक विचारू? मास्तर तुम्हाला चर्चच्या पायरीवर अंगठेबहाद्दर म्हणाले, ते कोंबडा जायच्या आधी की नंतर?"

"आधी," खेहोवी म्हणाला.

"आणि येव्हितोनं तुमच्या शेताच्या हद्दीची खूण सरकवली, मग त्याचा कुत्रा गेला. चर्चच्या खजिनदारानं तुमच्या टोपल्यांना नावं ठेवली, मग त्याचं वासरू गेलं. तुमचा बिबट्या भलताच नेमका आहे हो. सगळं गाव म्हणतं, खेहोवीला राग येत नाही. येतो की. चार पायांनी येतो."

लोक खो खो हसले. खेहोवीही हसला, आपला घडा उचलून घरी गेला, आणि त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही. कारण आजवर त्यानं ही जोडणी कधी केलीच नव्हती. आता करून पाहिली, तर एकही दुवा चुकत नव्हता. त्यानं कुणाचं वाईट चिंतलं होतं असं नाही. कुणी बोललं की तो गिळायचा, एवढंच. गिळलेलं पोटात जिरतं अशी त्याची साधी समजूत होती.

तिथून पुढं घोनिलीनं त्याचा पिच्छाच घेतला. येता-जाता टोमणे. "टोपली विणताय की जाळं? कोळी तुमच्यापेक्षा घट्ट विणतो."

"बरं, वहिनी."

"बरं काय? माझी जीभ झडो म्हणा. निदान चालू लाग म्हणा."

"चहा घेणार का?"

ती कपाळाला हात लावून निघून जाई. बायका म्हणत, या घोनिलीला काम नाही, बिचाऱ्या गरीब माणसाला टोचत बसते. ती त्याला टोचत नव्हती. गळू पिकलं की सुई लावावी लागते, तशी ती सुई लावत होती. पण हे आम्हाला कळलं तेव्हा तिला सांगायला ती नव्हती.

पिकं निघायच्या दिवसांत तिचं डुक्कर खेहोवीच्या अळवात शिरलं. अळकुड्या म्हणजे त्याचं हिवाळ्याचं खाणं. सरीमागून सरी उकरलेली, पानं चिखलात तुडवलेली, शेवटची एक सरी तेवढी कशीबशी उभी. खेहोवी पोचला तेव्हा घोनिली कुंपणाशी उभीच होती.

"भावजी, माझ्या डुकरानं केलं. खोपीचं दार मी नीट लावलं नव्हतं."

"असू दे, वहिनी. डुक्कर ते. उकरणारच."

"असू दे नाही. हिवाळ्यात काय खाणार तुम्ही? मला शिवी द्या."

"शिवी कशाला?"

"तोंडावर द्या, मोठ्यानं द्या, वरच्या आळीला ऐकू जाईल अशी द्या. तुमची शिवी मला परवडेल भावजी, तुमचं ‘असू दे’ परवडायचं नाही."

शिवी आली होती. अगदी जिभेच्या टोकावर, सबंध, हातपाय फुटलेली. एका क्षणात बाहेर पडली असती. पण जन्मभर ज्या तोंडानं आत ओढायचं काम केलं, ते ऐन वेळी बाहेर टाकायला शिकलं नाही. त्यानं गिळली, आणि म्हणाला, "ऊन फार झालंय. घरी जा तुम्ही."

घोनिलीनं कुंपणावरचा हात काढला. मग म्हणाली, "बरं. जा मग. निजा तुम्ही."

दोन दिवसांनी, उजाडता उजाडता, तिला डुकराचं ओरडणं ऐकू आलं. तिनं चुलीजवळचं जळतं लाकूड नव्हे, कोपऱ्यातली काठी उचलली आणि बाहेर धावली. बाई अशी की बिबट्यालासुद्धा दोन शब्द सुनावल्याशिवाय सोडायची नाही. शेजारी धावले तेव्हा बिबट्या निघून गेला होता. डुक्कर खोपीच्या कोपऱ्यात थरथरत होतं, त्याच्या अंगावर ओरखडा नव्हता. घोनिली दाराशी पडली होती आणि लोझेली तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती.

वरच्या आळीत खेहोवी तेव्हा जागा झाला. टाचा ठणकत होत्या. तोंडाला चव होती. या खेपेला त्यानं खुराड्याकडे पाहिलं नाही. काखेत मारून न्यावं असं काही त्यात नव्हतं.

घोनिलीला माती देऊन झाली आणि माणसं बंदुका घेऊन रानात उतरली. त्यांतल्या विकुतो नावाच्या तरण्या पोरानं घळीपलीकडच्या बांबूत बिबट्या गाठला. त्या दुपारी खेहोवी ओसरीत कामट्या काढत होता. एकाएकी त्याचा डावा खांदा कुणीतरी कुऱ्हाडीच्या दांड्यानं हाणावा तसा मागं गेला आणि तो जमिनीवर आडवा झाला. घळीपलीकडून आवाज आला तो त्यानंतर.

आता इथं आमच्याकडची रीत आहे, ती ऐका. अशा माणसाचं जनावर मेलं तरी माणूस लगेच मरत नाही. त्याला ती बातमी कुणीतरी शब्दांत सांगावी लागते. कानावर पडली की मग तो अंथरूण धरतो, आणि पुन्हा उठत नाही. कळणं वेगळं, ऐकणं वेगळं. जोवर ऐकलं नाही तोवर झालं नाही. आणि ज्याच्या तोंडून ऐकेल, त्याच्या हातून मेला. म्हणून माणसांनी, त्याच्याही तोंडून बातमी फुटू नये अशा बेतानं, बिबट्याच्या जबड्यात लाकडाची पाचर ठोकली, कातड्याचा मोह न धरता त्याला तिथंच पुरला, आणि प्रत्येक जण वेगळ्या वाटेनं, तोंडाला कुलूप लावून घरी आला. त्या संध्याकाळपासून आख्ख्या गावाचं मिळून एकच तोंड झालं आणि तेही बंद.

किती बंद म्हणाल, तर पोरांचा वाघ-शेळीचा खेळ बंद झाला. पास्टर तर उघड म्हणायचे की ही सगळी जुनी खुळं आहेत. पण त्या रविवारी सिंहाचं नाव असलेलं गाणं त्यांनी गुपचूप गाळलं. ठिपक्यांचा झगा घातला म्हणून एका बाईला तिच्या सासूनं परत पाठवून कपडे बदलायला लावले. खेहोवी दिसला की लोक हवापाण्यावर बोलत. "ढग आलेत." "हो, आलेत." "जातील." "हो, जातील." येव्हितोनं सरकवलेली खूण मुकाट जागेवर आणून ठेवली. टोपल्यांची स्तुती इतकी वाढली, की खेहोवीला आपलीच टोपली उलटी करून बघावीशी वाटे, खरंच इतकं काय आहे हिच्यात. आणि विकुतो रोज सकाळी लाकडाचा भारा दारात टाकून जाई, मान वर न करता.

"विकुतो, जरा टेक की," खेहोवी म्हणे.

"नको काका, घाई आहे."

"रोजच घाई?"

"रोजच आहे हो."

त्याच्याशी भांडणारं गावात कुणी उरलं नाही. जन्मभर त्याला हवी होती ती शांतता अशी मिळाली, आणि तिच्यात त्याचा जीव गुदमरू लागला. झोप लागे, पण तिच्यात काही नसे. पूर्वी झोपेत रान असायचं, ओल्या पाचोळ्याचा वास, घळीतलं पाणी. आता रिकाम्या मडक्यात डोकं घातल्यासारखा काळोख. जनावर मेलंय हे त्याला कुणी सांगायची गरजच नव्हती. फक्त ऐकायचं राहिलं होतं.

तो गावबुढ्याकडे, म्हणजे गावच्या कारभाऱ्याकडे गेला. लाल शाल पांघरून गावबुढा शेकत बसला होता. खेहोवीनं विचारलं, "घोनिली वहिनीच्या जिवाचं काय करायचं? कोंबडा असता तर दिला असता."

गावबुढा म्हणाला, "त्या वेळी तुझं अंग अंथरुणात होतं. अंथरुणातल्या माणसाला गावपंच दोष देत नाहीत. जा, घरी जा."

तो पास्टरकडे गेला. पास्टर म्हणाले, "खेहोवी, जनावराला पाप नसतं, आणि तुम्ही तर काही केलंच नाही. मन हलकं करा."

दोघांनी त्याला मोकळं केलं, आणि मोकळा होऊन तो दोन्ही वेळा जास्तच जड पावलांनी घरी आला. त्याला वाटे, दोघंही खरं बोलतात, मग मधल्या मधे घोनिली कुणी मारली? अंग म्हणतं मी झोपलो होतो, जनावर म्हणतं मला कळत नाही. जीव तर एकच होता. तो कुठं उभा करायचा?

शेवटी तो लोझेलीकडे गेला. ती उखळात भात कांडत होती.

"बसा, काका."

तो बसला नाही. "लोझेली, विकुतोनं घळीपलीकडे काय केलं ते मला सांग."

मुसळ वर होतं, ते तिनं हळूच खाली टेकवलं. तीन शब्दांचं काम होतं. तिनं म्हटले असते तर गावात कुणी तिला बोल लावला नसता.

"म्हणजे तुम्ही मरणार," ती म्हणाली.

"तुझाच हक्क आहे. दुसरं काही द्यायला नाही माझ्याकडे."

"आधी मी विचारते ते सांगा. त्या सकाळी तुम्ही होता तिथं?"

खेहोवी उखळाकडे बघत म्हणाला, "स्वप्नात डुकराचा वास आला. मग काठी दिसली. मग काठीमागचं माणूस."

"ओळखलंत?"

"ओळखलं."

"आणि?"

"थांबलो नाही."

"थांबता आलं नाही, की थांबला नाहीत?"

"तेच मला सापडत नाही, पोरी. जागेपणी शिवी आली होती ती थांबवली मी. ती थांबवता आली. मग हे का नाही आलं? गावबुढा म्हणतो, तो तू नव्हतास. मग ओळखलं कुणी?"

लोझेली रडली नाही. तिनं कोंडा पाखडला, उखळ हातानं झाडून साफ केलं, आणि मग बोलली. "आईनं तुमच्याकडे जन्मात एक गोष्ट मागितली. पैशाचीही नव्हे, फुकटची. ती तुम्ही दिली नाहीत. आता तुम्ही मागताय ते मी का द्यावं? जा घरी. जगा."

आणि तिनं पुन्हा मुसळ उचललं.

त्यानंतर खेहोवी खरोखर जगत राहिला, आणि ते बघवत नसे. टोपल्या विणायचा, पण तळच विणायचा. ओसरीत तळांची चवड लागली. शेकोटीवर टांगलेलं मांस धुरानं काळं पडून तसंच वाळत राही. लोकांनी आणखी गोड बोलायला सुरुवात केली. लोझेली लांबून हे बघत असे. तिलाही झोप नव्हती. जगा म्हणताना तिला वाटलं होतं, शिक्षा दिली; आता रोज सकाळी तो माणूस तळाशेजारी तळ ठेवताना दिसे आणि तिला वाटे, आई असती तर इतका वेळ गप्प बसली असती का?

थंडी पडायच्या सुमारास, लख्ख सकाळी, लोझेलीनं खोपीचं दार उघडलं. आईची काठी हातात घेतली आणि ते काळं डुक्कर हाकत ती आख्ख्या गावातून निघाली. लोक दारात आले. ती कुणाशी बोलली नाही. खेहोवीच्या मळ्याशी पोचली, कुंपणाचं फाटक उचलून बाजूला ठेवलं आणि डुकराला आत घातलं. पूर्वीच्या नासधुशीतून वाचलेली एकच सरी अजून जमिनीत होती. डुकराला सांगावं लागलं नाही.

खेहोवी कामट्यांचा कोयता हातात तसाच घेऊन धावत आला. मागं विकुतो, डोक्यावर लाकडाचा भारा. त्यामागं अर्धं गाव. गावबुढा होता, पास्टर होते, मास्तर होते. सगळ्यांची तोंडं बंद.

"काका," लोझेली म्हणाली, "माझं डुक्कर तुमच्या अळवात शिरलंय. खोपीचं दार मीच उघडलं."

डुक्कर उकरत होतं. चिखल उडत होता. खेहोवीच्या ओठावर सवयीनं ‘असू दे’ आलं. जवळ उभ्या असलेल्यांनी ते ‘अ’ पर्यंत ऐकलं. तिथं तो अडखळला. त्यानं घळीपलीकडच्या बांबूकडे पाहिलं. काठीकडे पाहिलं. लोझेलीकडे पाहिलं, ती तशीच उभी होती, पाय रोवून, जशी तिची आई उभी राहिली होती. मान ताठ.

"निजायला जाताय का?" तिनं विचारलं.

विकुतोच्या डोक्यावरचा भारा खाली पडला. तो उचलायला कुणी वाकलं नाही. मग खेहोवीनं तोंड उघडलं, आणि वरच्या आळीला, त्याच्या स्वतःच्या कानांनाही, ऐकू गेलं ते असं:

"काढ तुझं ते मेलं डुक्कर माझ्या अळवातून, टवळे. तू आणि तुझी आई, दोघींनी मिळून माझा हिवाळा खाल्लात. माझा बिबट्या मेलाय, पाठवायला कुणी उरलं नाही, आता राग आला तर मलाच दोन पायांनी चालत यावं लागेल, आणि मी येणार, रोज येणार, तुझ्या दारात उभा राहून तुझ्या सात पिढ्या उद्धरणार, कान झाकलेस तरी."